अमेरिकेत संधिवाताच्या ओपीडीचा अनुभव: बाँड संपायला चार महिने, सुरुवात कुठून करू?

केजचा_एमओ

राम राम मंडळी. मी केज तालुक्यातला. एमबीबीएस अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजात, इंटर्नशिपही तिथंच. सध्या धाराशिव जिल्ह्यात एका पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) बाँडची सक्तीची सरकारी सेवा चालू आहे, संपायला चार महिने राहिलेत. अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेतली स्टेप वन पास. स्टेप टू सीके दिवाळी झाली की हैदराबादला देणार. तिकडं आधी इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (आपल्या एमडीसारखी), मग रुमॅटॉलॉजीची, म्हणजे संधिवाताच्या शाखेची, फेलोशिप, असा बेत आहे.

रुमॅटॉलॉजी कशाला, असं घरचे विचारतात आणि आमचे फार्मासिस्टही. मला त्याचं उत्तर एका मंगळवारी मिळालं. मंगळवारी गावचा बाजार, त्या दिवशी ओपीडी दीडशेच्या घरात जाते आणि त्यातली निम्मी 'सांधे धरलेत'वाली. पन्नाशीची एक बाई आली, सोबत सून. तक्रार एवढीच, की तोंड आलंय, भाकरी गिळता येईना. बी-कॉम्प्लेक्स दोनदा घेऊन झालेलं. खरं सांगतो, मीही तेच लिहिणार होतो. पण तिनं गोळ्यांची कॅरीबॅग टेबलावर पालथी केली आणि त्यात आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट 7.5 ची पाकिटं निघाली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ही बाई अकरा दिवस रोज घेत होती. चिठ्ठीवर 'दर सोमवारी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असताना हीच एक वेगळी असेल असं तिला का वाटावं? रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी 1,400, म्हणजे फारच कमी. लातूरला पाठवली, तिथं उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिलं, वाचली. महिन्यानं बाजाराला आली तेव्हा माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली.

तेव्हापासून सांध्यांचं जे मिळेल ते वाचतोय. पण शिकवणारं इथं कुणी नाही.

आता प्रश्न. अमेरिकेत रुमॅटॉलॉजीच्या ओपीडीत महिना-दोन महिने बसायला मिळालं तर रेसिडेन्सीच्या अर्जात त्याची किंमत होते का? माझे बॅचमेट म्हणतात, ओपीडीचा अनुभव शून्य, वॉर्डातला असेल तरच बोल. एका एजन्सीशी फोनवर बोललो. ते चार आठवड्यांचा 'हँड्स ऑन' देतो म्हणतात, शिफारशीच्या लेटरची हमीही देतात आणि जो आकडा सांगतात तो ऐकून मी फोन ठेवला. घरी सोयाबीन आणि दोन म्हशी. कर्ज काढून एकदाच जाता येईल, दोनदा नाही. आणि ओळख तर लई लांबची गोष्ट, अमेरिकेत माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.

लातूर_पॅटर्न_नापास

एजन्सीपुरतं बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

मी भरले होते पैसे. पोचलो तर एका दुकानांच्या रांगेत फॅमिली डॉक्टरचा दवाखाना, एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला. एका डॉक्टरामागं आम्ही चार जण, खोलीत मावायचो नाही म्हणून दोघं आत आणि दोघं बाहेर, पाळीपाळीनं. चौथ्या आठवड्यात लेटर मिळालं. रूममेटचं आणि माझं शेजारी ठेवून बघितलं तर नावापलीकडं काही फरक नव्हता. त्याच्या लेटरमध्ये एके ठिकाणी चुकून 'ती' राहिलं होतं, आधीच्या कुणा मुलीचं. त्या वर्षी मला दोन इंटरव्ह्यू आले. मॅच, म्हणजे रेसिडेन्सीची जागा, दुसऱ्या वर्षी झाली, वेगळ्या लेटरांवर.

आणि 'हँड्स ऑन' शब्दाला भुलू नको. डिग्री झालेला माणूस बी-वन व्हिसावर बघू शकतो, पेशंटवर उपचार करू शकत नाही. लायसन्स नाही, विमा नाही आणि तू सांधा दाबतोयस, हे उद्या निघालं तर एजन्सी तुझा फोनही उचलणार नाही.

गोदाकाठची

मी नांदेडची, शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज. आता मिशिगनमध्ये इंटर्नल मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रुमॅटॉलॉजी फेलोशिपचा अर्ज भरलाय. त्याची मॅच नोव्हेंबरच्या शेवटी-डिसेंबरच्या सुरुवातीला लागते, म्हणजे सध्या माझ्याही पोटात गोळाच आहे. तुझ्यापेक्षा सहा-सात बॅच पुढं असेन, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको.

आधी तुझ्या त्या बाईबद्दल. ही केस वहीत लिहून ठेव, नावगाव वगळून. तारीख, डोस, किती दिवस, पेशी किती, कुणी काय विचारलं नाही. इंटरव्ह्यूत 'रुमॅटॉलॉजी का' हा प्रश्न येणारच, आणि तिथं सगळे आजीच्या गुडघ्यांची गोष्ट सांगतात. तुझ्याकडं कॅरीबॅग आहे.

आता ओपीडी की वॉर्ड. तुझे बॅचमेट अर्धे बरोबर आहेत. रुमॅटॉलॉजी हा विषयच ओपीडीत जगतो. वॉर्डात रुमॅटॉलॉजिस्टला कधी बोलावतात? ल्युपसनं किडनी धरली, रक्तवाहिन्यांची सूज असेल असा संशय आला, गुडघा अचानक लाल होऊन फुगला आणि जंतू की गाऊट ते कळेना, अशा वेळी. बाकी सगळं खुर्चीत बसून, हात हातात घेऊन. त्यामुळं विषय शिकायचा तर ओपीडीच. पण तुझा पहिला अर्ज रुमॅटॉलॉजीचा नाहीच, तो मेडिसिनचा आहे. तिथला प्रोग्राम डायरेक्टर बघतो, की रात्री दोन वाजता प्रेशर पडलेल्या पेशंटजवळ हा पोरगा उभा राहील का. सगळी लेटरं सांध्यांचीच असली तर त्याला वाटतं, हा तीन वर्षं माझ्या वॉर्डात नाक मुरडत काढणार. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार लेटरं जोडता येतात. माझी अशी होती: इथल्या वॉर्डातलं एक, इथल्या रुमॅटॉलॉजीच्या ओपीडीतलं एक, नांदेडच्या मेडिसिनच्या मॅडमचं एक, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात बाँड केला तिथल्या अधीक्षकांचं एक. शेवटचं लोक जोडत नाहीत. मी जोडलं, कारण त्यात लिहिलं होतं की सर्पदंशाच्या रात्री मी एकटी होते. मला दोन इंटरव्ह्यूत त्याबद्दलच विचारलं.

तर एकदाच जाणं जमणार असेल तर आठ आठवडे काढ, चार वॉर्डात, चार ओपीडीत. फक्त चारच जमत असतील तर मी तुला मेडिसिनचा वॉर्ड घे म्हणेन. मन रुमॅटॉलॉजीकडं ओढेल, तरी.

जागा कशी मिळवायची? माझंही इथं कुणी नव्हतं. मी साधारण दीडशे ईमेल केले. नऊ उत्तरं आली, त्यातली सात 'क्षमस्व'. दोन जमली. पहिले शंभर ईमेल वाया गेले कारण ते सगळे एकच होते: आदरणीय सर, मी अत्यंत मेहनती वगैरे. मग एका रविवारी बसले आणि प्रत्येकाचे दोन पेपर वाचूनच लिहायचं ठरवलं. दिवसाला तीनच व्हायचे. चार ओळी: मी कोण, तुमच्या पेपरातली अमुक गोष्ट आमच्याकडं अशी दिसते, मला अमुक महिन्यात चार आठवडे फक्त बघायचंय, व्हिसा-विमा-लसी माझ्या मी बघेन. सोबत एका पानाचा बायोडाटा. आणि डॉक्टरांच्या जोडीला विभागाच्या कोऑर्डिनेटरला वेगळा ईमेल. डॉक्टर 'हो' म्हणून विसरतात, जागा खरी तीच देते. विद्यापीठांच्या वेबसाइटवर परदेशी निरीक्षकांसाठी वेगळं पान असतं, ते नीट वाच. काही ठिकाणी फक्त शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चालतात, डिग्रीवाले नाहीत. तिथं अर्ज करून रडण्यात अर्थ नाही. इंटर्नशिप संपायच्या आधी कळलं असतं तर इलेक्टिव्ह म्हणून पेशंटला हात लावायलाही मिळाला असता काही ठिकाणी. आता ते दार बंद झालं, जाऊ दे.

बघण्यापुरतंच असलं तरी लेटर दमदार होऊ शकतं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. पहिले दोन आठवडे मी भिंतीला टेकून उभी. इथली ओपीडी आपल्यासारखी नसते. नवीन पेशंटला पाऊण तास, जुन्याला वीस मिनिटं. दिवसाचे सोळा-अठरा पेशंट, आणि तेवढ्यात डॉक्टर दमले म्हणतात! मी मनात म्हणायचे, या एकदा नांदेडला सोमवारी. पण त्या पाऊण तासात माणूस पूर्ण उलगडतो, ते आपण कधी बघितलेलंच नसतं. संध्याकाळी घरी जाऊन मी दिवसाचे तीन पेशंट वहीत लिहायचे, नाव नाही, जन्मतारीख नाही: डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय विचारलं असतं, कुठं चुकले असते.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. दोन्ही मनगटं, बोटांची मधली पेरं सुजलेली, सकाळी मूठ वळत नाही, दोन महिने झाले. आमवाताच्या दोन्ही रक्तचाचण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, निगेटिव्ह. रक्त निगेटिव्ह असलेला सुरुवातीचा आमवात, असा विचार चालला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, डोमिनिकन रिपब्लिकला बहिणीकडं गेले होते, आल्यावर तीन दिवस ताप होता. माझ्या डोक्यात 2006 चं नांदेड उभं राहिलं. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गल्लीत एकही बाई सरळ चालत नव्हती, आजी भिंत धरून मोरीपर्यंत जायची. नाव 'चिकन'गुनिया म्हणून लोकांनी कोंबडी खायची सोडली होती. खोलीत मी काही बोलले नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना विचारलं, 'घरातल्या बाकीच्यांनाही ताप होता का, हे विचारायचं का?' डॉक्टर परत आत गेल्या. बहीण, भाऊजी, भाचा, तिघंही. चिकुनगुनियाची आयजीजी अँटिबॉडी चाचणी पाठवली, पॉझिटिव्ह आली.

(तो आजार 2013 च्या डिसेंबरात कॅरिबियन बेटांवर पोचला, तोवर अमेरिकेतल्या बहुतेक डॉक्टरांनी तो पुस्तकातच बघितलेला. आपण तो मोरीच्या वाटेवर बघितला.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला पंधरा मिनिटं दिली, ओपीडीच्या लोकांपुढं चिकुनगुनियाच्या सांध्यांवर बोलायला. लेटरमध्ये तो प्रसंग आला, कॉरिडॉरसकट. 'वक्तशीर आणि उत्साही' या शब्दांना इथं कुणी विचारत नाही. वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्याला दुसरं काही आठवलं नाही.

अजून एक गोष्ट बघ तिथं, जी पुस्तकात नाही. नर्सच्या शेजारी बसून इन्शुरन्सचे फोन ऐक. बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचं तर कंपनीची आगाऊ मंजुरी लागते, आणि आधी मेथोट्रेक्सेट देऊन बघितलं का, किती महिने, का बंद केलं, हे सगळं सिद्ध करावं लागतं. अर्धा अर्धा तास होल्डवरचं संगीत. मला वाटायचं आपल्याकडंच गोळी न मिळाल्यानं सांधे वाकडे होतात.

कागदपत्रं आत्ताच सुरू कर, यात महिने जातात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपॅटायटिस बी यांची अँटिबॉडी टायटर. टीबीसाठी मँटू (कातडीवरची चाचणी) करू नको, आपल्याला बीसीजी असते, त्यावर उगाच सूज येते आणि मग एक्स-रे, पत्रं, डोक्याला ताप. थेट इग्रा रक्तचाचणी कर. हिवाळ्यात जाणार असशील तर फ्लूची लस. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचं ऑनलाइन ट्रेनिंग ते स्वतःच पाठवतात.

लेटरची वेळ हीसुद्धा एक खाच आहे. तू जानेवारीत मोकळा होणार, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जाशील. अर्जाची यंत्रणा उघडते जूनमध्ये, लेटर अपलोड करायची चिठ्ठी त्यानंतरच निघते आणि लेटर लिहिणाऱ्यानं ते स्वतः चढवायचं असतं, तुझ्या हातात येत नाही. तीन महिन्यांत डॉक्टर तुझा चेहरा विसरतात. म्हणून निघायच्या आठवड्यातच समोर बसून विचार: 'चांगलं, ठोस लेटर देऊ शकाल का?' 'ठोस' हा शब्द वापर. त्या थोड्याही घुटमळल्या तर आभार मान आणि विषय सोड. 'हो' म्हणाल्या तर तेव्हाच लिहून ठेवायची विनंती कर, आणि तुझ्या वहीतलं एक पान, तीन-चार पेशंटचं, त्यांना दे. लेटर बघण्याचा हक्क सोडलाय अशी खूण अर्जात करायची. न केलेल्या लेटरावर कुणी विश्वास ठेवत नाही.

बाकी व्हिसाचं विचारशील तर सांगेन. ड्यूटी आहे, पळते.

घाटीचा_जुना

मी छत्रपती संभाजीनगरात फिजिशियन आहे, घाटीत (इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात) शिकलो, अठ्ठावीस वर्षं प्रॅक्टिस. तुम्हा मुलांचं अमेरिकेचं गणित मला कळत नाही आणि त्यात मी बोलणार नाही. पण डॉक्टर, 'शिकवणारं इथं कुणी नाही' हे तुमचं वाक्य मला टोचलं, म्हणून लिहितो.

1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीनं. आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये साधारण अर्धा टक्का निघालं. दोनशे माणसांत एक. आता तुमच्या पीएचसीचा हिशेब करा. तीस हजार लोकसंख्या असेल, प्रौढ वीस हजार धरा. म्हणजे तुमच्या हद्दीत शंभराच्या आसपास आमवाताचे पेशंट आहेत. त्यातले किती तुम्हाला माहीत आहेत? दहा? बाकीचे नव्वद वाताच्या पुड्या खात बसलेत.

त्या पुड्यांवर तर तुम्ही चार महिन्यांत प्राध्यापक व्हाल. पांढरी पावडर, कागदात बांधलेली, त्यात स्टेरॉईड. दोन दिवसांत माणूस उठून शेतात जातो, म्हणून गाव त्या पुडीवाल्याला देव मानतं. सहा महिन्यांनी चेहरा भरतो आणि घरचे खूश, म्हणतात तब्येत सुधारली. मग कधी पुडी संपते, पुडीवाला गावाला गेलेला असतो, आणि पेशंट उलट्या करत, प्रेशर पडून आपल्याकडं येतो. माझ्या ओपीडीत असा पेशंट आला की मी आधी दंडाची कातडी चिमटीत धरून बघतो. सिगारेटच्या कागदासारखी लागते. तुम्हाला हे अमेरिकेत कोण दाखवणार?

जायचं तर जा. पण त्याआधी हे बघा: हैदराबादला निम्स या मोठ्या वैद्यकीय संस्थेत रुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, तुम्ही परीक्षेला हैदराबादला जाणारच आहात. रीतसर अर्ज करून पंधरा दिवस तिथं बसता येतं का बघा. आणि हे विसरू नका की एमडी मेडिसिन करून सुपर स्पेशालिटीची नीट दिली की तीन वर्षांचं डीएम आपल्याकडंही आहे. आमच्या वेळी संधिवाताचा वेगळा डॉक्टर असतो हेच पेशंटला ठाऊक नव्हतं. आता लोक पुण्याला आणि हैदराबादला रात्रभर बसून जातात. कुणी परत आलं तर त्यांची ती रात्र वाचेल. एवढंच.

केजचा_एमओ

सर, चूक झाली. शंभर पेशंटचा हिशेब वाचून मी रजिस्टर काढून बसलो. गेल्या आठ महिन्यांत 'आमवात' असं मी स्वतः सातदाच लिहिलंय. बाकी सगळीकडं 'अंगदुखी, पॅरासिटामॉल'.

ताई, व्हिसाचं सांगाच. मावसभाऊ म्हणतो, 'फिरायला चाललो म्हण, हॉस्पिटलचं नावच काढू नको.'

गोदाकाठची

मावसभावाला सांग, गप बस.

हॉस्पिटलचं निमंत्रणपत्र हातात असताना फिरायला चाललो म्हणणं म्हणजे स्वतःहून खड्डा खणणं. वैद्यकीय कामकाज बघायला येणाऱ्या डॉक्टरला बी-वन चालतो. अटी दोन, अमेरिकेतून पगार घ्यायचा नाही आणि पेशंटवर उपचार करायचे नाहीत. हातात बहुतेक बी-वन/बी-टू असा जोडशिक्काच पडतो. पत्रात हे तीन मुद्दे स्पष्ट असले पाहिजेत: तारखा, फक्त निरीक्षण, मानधन नाही. नसतील तर कोऑर्डिनेटरकडून बदलून घे, लाजू नको.

माझी मुलाखत मुंबईला होती, देवगिरीनं रात्रभर बसून गेले होते, डोळे सुजलेले. साहेबानं विचारलं, काय करणार? मी म्हटलं, चार आठवडे संधिवाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मागं उभी राहणार. 'हात लावणार?' 'नाही.' 'परत काय करणार?' ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या नेमणुकीचं पत्र दाखवलं. दोन मिनिटांत झालं. तुझा बाँड संपल्यावर तू मोकळा होणार, म्हणजे 'परत येऊन काय' याचं तुझं उत्तर लटकं पडेल. शक्य असेल तर बाँड संपायच्या आधीच मुलाखतीची तारीख घे, किंवा पुढच्या नेमणुकीचा काही कागद हातात ठेव. आणि 'ट्रेनिंग' हा शब्द तोंडात येऊ देऊ नको, कारण ते खरंही नाही. तू बघायला चाललायस.

घाटीच्या सरांचं निम्सचं मात्र ऐक. मी इथं आले तेव्हा 28 सांधे नीट मोजता येत नव्हते, आणि ते शिकायला अमेरिका लागत नाही. खांदे दोन, कोपरं दोन, मनगटं दोन, तळहाताजवळच्या बोटांच्या मुळांचे दहा, मधल्या पेरांचे अंगठ्यासकट दहा, गुडघे दोन. अंगठ्यानं एवढंच दाबायचं की स्वतःचं नख पांढरं पडेल. पीएचसीवर दर मंगळवारी पाच जणांचे मोज. दुखरे किती, सुजलेले किती, त्यात पेशंटचा शून्य ते दहा आणि तुझा शून्य ते दहा, चारी बेरीज केली की सीडीएआय, म्हणजे आमवाताचा जोर सांगणारा आकडा. रक्ताचा रिपोर्ट लागत नाही, मशीन लागत नाही. तिथल्या ओपीडीत हाच आकडा दर पेशंटला लिहितात. तू आधीच शिकून आलास हे डॉक्टरांना पहिल्या दिवशी कळेल.

मँचेस्टर_व्हाया_परभणी

इंग्लंडचं कुणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. इथं याला क्लिनिकल अटॅचमेंट म्हणतात. जीएमसीची, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलची, नोंदणी होईपर्यंत तुम्ही निरीक्षकच. त्या नोंदणीसाठीची प्लॅब टू परीक्षा फक्त मँचेस्टरला होते, त्यामुळं लोक परीक्षेला येतात आणि त्याला जोडूनच दोन-चार आठवड्यांची अटॅचमेंट घेतात, तिकीट एकच लागतं. रुमॅटॉलॉजीच्या कन्सल्टंटच्या सेक्रेटरीला फोन करा, ईमेल नको, फोन. पण नोकऱ्यांसाठी इथं सध्या तुफान गर्दी आहे, आणि तुमची स्टेप वन झालेली आहे. दोन दगडांवर पाय ठेवू नका. मी ठेवले होते, तीन वर्षं गेली.

केजचा_एमओ

आज मंगळवार. पाच नाही जमले, दोघींचे मोजले. बाहेर रांग ओरडत होती.

एकीचं विचारायचंय. पासष्टीची आजी, ऊसतोडीत आयुष्य गेलं. दुखरे सांधे 9, सुजलेले 6. माझा अंदाज 6 लिहिला. मग आजीला विचारलं: शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही, तुमचा किती? आजीनं माझ्याकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं, आणि म्हणाली, 'बारा आणे.' पुन्हा विचारलं. 'सांगितलं की बाबा, बारा आणे. चार आणे अजून माझे हायेत.' हे कसं लिहू?

गोदाकाठची

साडेसात लिही. आजीचं प्रमाण आपल्या दहापेक्षा बरं आहे. बेरीज साडेअठ्ठावीस. 22 च्या वर म्हणजे आजार जोरात आहे, निव्वळ पॅरासिटामॉलवर ठेवू नको, पुढं पाठव.

पायाची बोटं दाबून बघितलीस का? ती 28 मध्ये धरत नाहीत, पण बोटांच्या मुळाशी पाऊल दोन्ही बाजूंनी दाबलं की पेशंट कळवळतो. हाताआधी तिथं सुरू झालेलं असतं कितीदा.

केजचा_एमओ

नाही बघितली. पायात बूट होते तिच्या, नातवाचे. मला वाटलं, चप्पल तुटली असेल.

पुढच्या मंगळवारी येणार आहे ती.